उतार

डबी तीनशे एकोणपन्नासची, शिरपूरच्या मेन रोडवरून घेतली.
झाकणाच्या आत आरसा,
एका वेळी एकच गाल मावेल एवढा.
चार चौकोन मातकट, दोन चमचमते.
दुकानदार म्हणाला, ताई, हे सावलीचे, हे उजेडाचे.
एवढ्यावरच मी पैसे दिले.

माझं तोंड गोल. कळण्याच्या भाकरीसारखं,
लहानपणापासून सगळे तेच म्हणत आले,
काही प्रेमाने, पतपेढीतले लोखंडेभाऊ नुसते सवयीने.
गालाला हाड असतं, मलाही आहे,
हे परवा पहिल्यांदा बोटाने शोधलं,
दुखरी दाढ चाचपावी तसं.

गाल आत ओढ, तेजल फोनवर म्हणाली, मासोळीसारखे.
खड्डा पडेल तिथे गडद लाव.
मी ओढले. हसू आलं, सुटले.
पुन्हा ओढले.
ब्रशचे दोन केस गालालाच चिकटून राहिले
आणि कानापासून ओठापर्यंत एक रेघ उमटली,
सरळ, ठाम,
चुकलेल्या नोंदीवर मी लाल शाईने मारते तशी.
दुसऱ्या गालावरची तिच्याहून दोन बोटं खाली.
मग बरोबरी करता करता
दोन्हीकडे रेघा वाढतच गेल्या.
नाकाचं विचारू नका.

चमक नेमकी कुठे लावायची ते ऐकताना
कुकरची शिट्टी झाली होती,
म्हणून सगळीकडे लावली.
ट्यूबलाइटखाली बरी दिसत होते.

लाइट गेली. ओट्यावर आले.
चैत्रातलं चार वाजताचं ऊन, काहीच माफ न करणारं.
आईने दादर निवडता निवडता मान वर केली:
"तोंडले राख लागनी का व?"

राख नाही गं, म्हटलं, कंटूर आहे.

खाटेवर आडवे झालेले आप्पा उठूनच बसले.
एकतीस वर्षं मृदसंधारणात,
बोराडीच्या वरच्या टेकड्यांना समतल चर घालण्यात गेली त्यांची.
"कंटूर? तुन्हा डब्बामा बी कंटूर शे का?"

चष्मा लावला.
मुकादमाचं काम तपासावं तसा
माझा डावा गाल तपासला.
हनुवटी धरून उजेडाकडे वळवली.
याआधी कधी धरली होती, आठवत नाही,
बहुतेक गोवर निघाला तेव्हा.

उतारावर आडवं चालायचं असतं, म्हणाले,
तू तर वरून खाली नालाच काढलास.
घाम आला की सगळी माती हनुवटीवर.
मग जरा थांबून, स्वतःशीच बोलल्यासारखं,
"रेघ दिसाले नको. उतार दिसाले पाहिजे."

आणि खांद्यावरच्या रुमालाचं टोक अंगठ्याला गुंडाळून
कानाच्या दिशेने हळूहळू घासत नेलं,
वर, आणखी वर.
रुमालाला तंबाखूचा वास.
आई म्हणाली, अहो, कातडी निघेल पोरीची.

आत जाऊन त्या एवढ्याशा आरशात पाहिलं.
डावा गाल वळत होता. थोडासाच, पण वळत होता.
उजवीकडे अजून नाला.
रविवारी दोंडाईचाला साखरपुडा, मामेबहिणीचा,
तोवर उजव्या गालाचं काम माझ्याकडे.

रात्री जेवणं झाल्यावर आप्पांनी डबी मागितली.
एकेका चौकोनावरून करंगळी फिरवली, चिमटीत चोळून पाहिलं.
हा मुरूम, बोराडीकडचा.
हा थाळनेरचा पोयटा.
ही काळी, हिला पाणी जपून.
चमचमत्या चौकोनाशी बोट थांबलं.
बराच वेळ बल्बखाली धरून पाहत राहिले.

"हाई माती आपली नही."