सांडवा

खरं नाव आयलिफ सांदविक.
मिरजेच्या जिभेला ते पेललं नाही,
आठवड्याभरात त्याचा सांडवा झाला.
सांडवा साहेब,
मिशन दवाखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमधला.

साल विचारू नका.
कृष्णेवर तेव्हा ऑइल इंजिनं ठकठकायची
आणि माझ्या चड्डीला एकच बटण होतं.
मुंबईच्या गोदीत बोटीवरनं उतरवला म्हणे,
डावा हात वाफेनं कोपरापर्यंत सोललेला,
रेल्वेनं इकडं धाडला डॉक्टरांकडं.
हात धरायला सात महिने गेले.
तेवढ्यात त्यानं दवाखान्याचा बॉयलर उघडला,
मग धोबीखान्याचा पंप, मग पाद्र्याची मोटार,
आणि परत जायचं राहूनच गेलं.

मी त्याला पाने देणारा.
पाऊण इंची मागितला आणि पाच सुती दिला
की ओरडायचा, "गुट्ट!"
मला वाटायचं, शिवी आहे.

इंजिनापाशी गेला की आधी हत्यार काढायचा नाही.
बाभळीची एक काठी होती, हातभर,
एक टोक बेअरिंगवर, दुसरं कानामागच्या हाडावर,
डोळे मिटून उभा.
अंकलीच्या घाटावर, म्हैसाळच्या मळ्यांत
माणसं बिड्या विझवून गप बसायची,
वैद्य नाडी बघताना बसतात तशी.
"सुखी नाही," एवढंच मराठीत म्हणायचा.
बेअरिंग सुखी नाही.
पिस्टन सुखी नाही.

दस्तगीर शिकलगार तंबोऱ्याची जवारी काढताना
मुद्दाम त्याला बोलावून घ्यायचा.
दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं.
चहावर साय धरायची.
एका संध्याकाळी दस्तगीरनं खर्ज छेडला,
पुन्हा छेडला,
आणि सांडवा उठून बाहेर गेला,
वाळत घातलेल्या भोपळ्यांमध्ये
भिंत धरून उभा राहिला.

त्या रात्री त्यानं सांगितलं. तीन भाषांत.
मला दीड कळली.
लढाईतली बोट, पोटात गंधक,
तळाला इंजिनखोली, जिथं समुद्र दिसत नाही.
तो शिडीवर होता. वर कॉफी आणायला निघालेला.
खाली सहाजण.
टॉर्पेडो लागल्यावर दिवे गेले,
पाणी आलं, पण इंजिन थांबलं नाही.
थांबवायला कुणी उरलंच नव्हतं.
शिडीच्या लोखंडातनं त्याला ऐकू येत होतं,
त्या खर्जासारखं, एकसारखं.
कंदिलाकडं बघत म्हणाला,
"सुखी होतं.
शेवटपर्यंत इंजिन सुखी होतं."

पुन्हा हा विषय निघाला नाही.

रत्नागिरी म्हणजे एका रात्रीची एसटी.
कधी गेला नाही.
दर नाताळाला बहिणीला डबाभर हळद पाठवायचा,
ती बाई त्या थंडीत
एवढ्या हळदीचं काय करत असेल देव जाणे.
तो गेल्यावर तिचं पत्र आलं, इंग्रजीत.
नर्सबाईनं उन्हात उभं राहून वाचून दाखवलं:
तो लिहायचा, इथं माझा एक गुट्ट आहे,
हुशार आहे, मापात चुकतो.
गुट्ट म्हणजे पोरगा, नर्सबाई म्हणाल्या,
तिनंच पुढं तसं लिहिलंय.
मी सायकलची घंटी पुसत बसलो.

आता माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे.
ज्या वर्षी नदी सांगलीच्या बाजारपेठेत शिरली
त्यानंतर पंधरा दिवस माणसं पंप घेऊन येत होती,
पोटात गाळ, वर जलपर्णीची मुळं,
एकात तर जिवंत खेकडा.
नातू म्हणाला, आजोबा, मीटर लावा.
मी मोटार चालू केली,
फळीवरनं काठी काढली, हाडाला टेकवली
आणि डोळे मिटले.

काय ऐकू आलं ते सांगत बसत नाही.
बंद कर म्हटलं.
गुट्ट, पाऊण इंची दे.

त्यानं पाच सुती दिला.