खो येईपर्यंत

श्रीशैल बिंगी, सहावी ब.
पहिल्या दिवशी त्यानं चुन्याचा डबा सांडला,
माझी शिट्टी वाजवून पाहिली,
मग खांबावर चढून ओरडला,
"मॅडम, इथून गिरणीची चिमणी दिसलालीय!"
मी दहा राऊंड सांगितले. शिक्षा म्हणून.
बाकीची पोरं सहाव्यालाच कमरेवर हात ठेवतात.
हा बारा मारून आला, नाक पुसत,
"अजून मारू का बे…
चुकलो, मॅडम. अजून मारू का?"

त्या संध्याकाळी स्कूटर ढकलत घरी जाताना कळलं,
वीस वर्षं मी पोरांना शिक्षा म्हणून
तेच देत आलेय
जे माझ्याकडं देण्यासारखं एकमेव होतं.

फायलीत डॉक्टरांची चिठ्ठी होती.
ए डी एच डी.
खाली हेडसरांनी पेन्सिलीनं लिहिलेलं: वात्रट.
माझ्या बी.पी.एड.ला दोन्हीपैकी एकही धडा नव्हता.

खो-खोत पळणं सगळ्यांना दिसतं,
बसणं कुणाला दिसत नाही.
आठजण चौकोनात,
एकाचं तोंड इकडं, पुढच्याचं तिकडं,
टाचा उचललेल्या, बोटं मातीत,
मागं पाय धडधडतायत
आणि पाठीवर थाप, कानात शब्द येईपर्यंत
उठायचं नाही.
नेमकं तेवढंच त्याला जमायचं नाही.
घरी अम्मा म्हणते, कूचो.
वर्गात बाई म्हणतात, बस.
ट्यूशनला, सिट डाऊन.
तीन भाषांत तो बसला नव्हता.

मी म्हटलं, बसू नकोस. दबा धर.
मटणाच्या दुकानाबाहेर मांजर बघितलीस ना?
"तिची शेपटी हलते की, मॅडम."
हलू दे.
तेव्हापासून उजव्या हाताचा अंगठा ही त्याची शेपटी.
मातीत फिरवायचा, हवा तेवढा.

मीही शिकत होते.
आधी नाव घ्यायचं, मग थांबायचं,
डोळे माझ्याकडं आले की एकच शब्द.
दोन सांगितले की पहिला सांडतो, चुन्यासारखा.
एका गुरुवारी तो खो मिळण्याआधीच
अकरा वेळा उठला.
मोजलं, कारण राग येत होता
आणि मोजताना तो थोडा कमी येतो.

त्याची आई आली एकदा,
कारखान्यात विड्या देऊन, रिकामं सूप काखेत.
"नीट होईल का हा?"
मला उत्तर माहीत नव्हतं, म्हणून मी तिच्या हातांकडं बघितलं.
पान नव्हतं, तंबाखू नव्हती,
तरी बोटं वळत होती.
तिनं माझं बघणं बघितलं.
"मी पण अशीच होते," म्हणाली,
"सातव्या वर्षी सुपापुढं बसवलं.
मग राहिले बसून."
आणि हात पदरात घेतले.

ऑक्टोबरात झोनची मॅच.
ऊन असं की चुन्याची रेघ डोळ्यांत खुपत होती.
नऊ मिनिटांचा डाव,
सात मिनिटं त्याला खो आलाच नाही.
शेजारचे दोघं तीनतीनदा उठले, पळाले, पुन्हा बसले.
मी त्याच्या टाचांकडं बघत राहिले,
स्कोअर कितीय ते विसरून.

मग आला खो.
तो उठला. नंतर उठला,
आधी नाही.
धावत गेला, हात लांबवला,
आणि समोरचा पोरगा वाकून निसटला.
आम्ही दोन गुणांनी हरलो.

सगळे पाण्याच्या ड्रमकडं गेल्यावर
मी त्याच्या चौकोनाशी आले.
एक भोक. अंगठ्याएवढं रुंद,
बोटभर खोल.
पुढच्या मॅचची पोरं आत येत होती, बुजवायला हवं होतं.
मी चपलेनं माती ओढली. अर्धीच.

"मॅडम," मागून आवाज,
"हरलो तर राऊंड मारायचे का?"
मार.
"किती?"
ते मी सांगितलं नाही.