सात मिनिटं

सीट पार मागे सरकवलेली होती.
अकरा महिने माझी ट्रॉलीबस सर्जू चालवत होता,
लांब टांगांचा माणूस.
गादीत त्याच्या पाठीचा खड्डा,
आरशात त्याची उंची.
लिव्हर ओढून पुढे सरकले.
कोटाचं तिसरं बटण लागेना, सोडून दिलं.

किशिनाऊ अजून अंधारात.
डेपोतले अक्रोड दहिवराने पांढरे.
झिनाइदा तिकिटांची गुंडाळी गळ्यात अडकवून चढली.
"आलीस? बरं झालं. तो मेला असा ब्रेक मारायचा
की म्हाताऱ्या माझ्या अंगावर यायच्या."
बाळाचं तिनं विचारलं नाही.
मी उत्तर तयार ठेवलं होतं,
ते तसंच राहिलं.

घरातून पाय निघत नव्हता, असं सांगायचं असतं.
माझा निघाला. चटकन निघाला.
जिन्यात मी जवळजवळ पळत होते,
आणि खालच्या दाराशी पोचल्यावर
लाज वाटली.
विओरेलला सगळं कागदावर लिहून दिलंय :
दूध किती, भोपळा किती,
रडली तर खिडकीशी ने,
तेवढ्यानं भागलं नाही तर नळ सोड.
एक राहिलं.
झोप येते तेव्हा इलिंका
माझ्या कोपराचं कातडं चिमटीत धरते.
लिहून तरी काय. त्याचं कोपर वेगळं.

बोटानिकाच्या वळणावर दांड्या तारांवरून निसटल्या.
दिवे गेले, हीटर गेला,
मागून कुणीतरी पुटपुटलं, बाई आहे ना.
मी उतरले. हातमोजे घातले.
दोरी हातात आली
आणि हातांना सगळं आठवत होतं.
एक ठिणगी. दुसरी.
गाडी पुन्हा गुणगुणायला लागली.

शेवटच्या थांब्याआधी वायरलेसवर तामारा :
"सात मिनिटं लेट. गाडी चालवायची विसरलीस का?"
तारा, म्हटलं मी. तारा सुटल्या होत्या.
तारांची दोन.
उरलेल्या पाचांसाठी मी आरशात पाहिलं.

अख्खी गाडी झोपली होती.
बाजाराला निघालेल्या बायका, मांडीवर लोणच्याच्या बरण्या,
तोंड उघडं टाकलेला वेल्डर,
मघाचा तो पुटपुट्या,
आणि झिनाइदासुद्धा, खांबाला गाल टेकून.
प्रत्येक सिग्नलला मी
इतकी अलगद थांबत आले होते,
इतकी अलगद निघत,
आणि माझ्या पायानं मला
एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

थांबा आला. माईकचं बटण दाबलं.
आवाज निघाला तो कुजबुजीचा.
कुणी हललं नाही.
क्षणभर मीही तशीच बसून राहिले,
हात चाकावर,
कोपर उगाच थोडं बाहेर काढून.

मग घसा खाकरला
आणि ओरडले, ड्रायव्हरसारखी.

परतीच्या फेरीत दोन मिनिटं भरून काढली.
पाच राहिली.
राहू देत.