तोंड दाखवा

हल बंदर. हेसल रोडवरचं वाचनालय.
मंगळवारी दुपारी इथे फारसं कुणी नसतं.
रेडिएटर कण्हत असतो, आणि मी
परत आलेल्या पुस्तकांतून बसची तिकिटं, केसांच्या पिना,
एकदा तर माशाचं खवलं काढत बसते.

ब्लेंकिन आले. टॅबलेट कोटाच्या आत,
भिजलेलं मांजर धरावं तसा.
"हे मला आत सोडत नाही," म्हणाले.
कुठे आत, ते मी विचारलं नाही.
निघालेल्या माणसाला कुठे म्हणून विचारू नये,
त्यातून तो एकाहत्तर वर्षांचा असेल तर नाहीच.

पडद्यावर नव्या कायद्याची लंबगोल चौकट:
सज्ञान आहात? तोंड दाखवा.

गंमतच.
ज्या दाराशी माणसं आजवर
कॉलर वर करून, तोंड लपवून गेली,
त्याच दाराशी आता
तोंड दाखवल्याशिवाय प्रवेश नाही.

डावीकडे वळा. उजेडात या.
मुखवटा काढा.
ब्लेंकिनांनी काढला नाही,
कारण तो मुखवटा नव्हता.
पंचाहत्तर साली बॉयलर फुटला, तेव्हा
मांडीची कातडी काढून गालावर लावलेली,
डोळ्यापासून हनुवटीपर्यंत.

पासपोर्ट? कधी काढलाच नाही.
गाडीचा परवाना? "आयुष्य बोटीवर गेलं, बाई."
खिशातून खलाशाची पुस्तिका निघाली,
मिठाने फुगलेली. आत एक पोरगा, कान मोठे,
वय पंधरा.
तेव्हा कारकुनाने वय विचारलं होतं, लिहूनही घेतलं होतं,
आणि म्हणाला होता, चढ.
बेअर बेटाच्या उत्तरेला, काळोखात,
दोरखंडांवरचा बर्फ कुऱ्हाडीने फोडायला
पंधरा पुरेसे होते.

नाही, मी कायद्याला हसत नाही.
मार्चमध्ये त्या खिडकीजवळच्या टेबलावर
अकरा वर्षांचा एक मुलगा कुणाच्या तरी फोनमध्ये डोकावला
आणि मग तासभर
कुत्र्यांच्या पुस्तकातल्या एकाच ओळीवर बोट ठेवून बसला.
आई न्यायला आली. तिने हात पुढे केला.
त्याने धरला नाही.
त्याच्यासाठी कुणी दार लावत असेल
तर बिजागरीला तेल मी घालीन.

पण हे दार वय मोजतं कशाने?
सुरकुत्यांनी.
आणि उसनी कातडी म्हातारी होत नाही.
पन्नास वर्षं ती तशीच, गुळगुळीत, थोडी गुलाबी,
मांडीला कसलं ऊन लागतं!

चौकटीत एक ठिपका गरगरला,
मग उत्तर आलं:
आपण बहुधा अठरा वर्षांखालील आहात. पुरावा जोडा.

ब्लेंकिन हसले.
आधी नाकातून, मग खांद्यांतून, मग इतके
की मी पाणी आणायला उठले.
"हे छापून द्या," म्हणाले.
दहा पेन्स पडतील.
"वीस घ्या. दोन द्या."

एक प्रत ऑड्रीसाठी.
ती असते तिकडे ॲनलाबी रोडला, वृद्धाश्रमात,
आणि यांना सासरेबुवा समजते.
रोज विचारते, तुमचा पोरगा
बोटीवरून यायचाय कधी?
"तिला सांगतो, आला.
सरकारी कागद आहे म्हटल्यावर ऐकेल."
सरकारी नाही तो, असं मी म्हणणार होते.
नाही म्हटलं.

दुसरी प्रत कुणासाठी ते कळलं नाही.
टोपी घालून ते गेले, घाईत,
टॅबलेट माझ्या टेबलावरच राहिला, चालू.
आत काय पाहायचं होतं त्यांना, कोण जाणे.
बंद करायला मी वाकले,
तर रिकाम्या चौकटीत
माझंच तोंड उगवलं,
आणि खाली शब्द:
थोडं जवळ या.
हलू नका.