दुरुस्तीचं वजन

गुरुवारी रात्री नऊला बास्केटबॉलची पोरं गेली की
मी हॉलभर एकदा ओलं पुसणं फिरवतो
आणि मग, हेल्वी सांगते तसे,
गरम हवेचे दोन्ही पंखे बंद करतो.
बाहेर उणे अठरा. विल्यांदीचं तळं
डिसेंबरपासून मुकं.
अर्ध्या तासात आमच्या तोंडातून वाफ निघायला लागते,
पण हवा उभी राहते.
तिला तशीच लागते,
विरजण लावलेल्या दुधासारखी, कुणी न हलवलेली.

दिवसभर ती परक्यांचे दात घडवते,
रात्री विमान. हत्यारं तीच.
कार्बनची काडी, दाभणाहून बारीक,
चिमट्यात धरून दुसरीला टेकवायची,
सांध्यावर सुईच्या टोकाने गोंद:
थेंब नव्हे, थेंबाचा वास.
मग चौकटीवर ती फिल्म ताणते
जिच्यापुढे कांद्याचा पापुद्रा म्हणजे गोणपाट.
इवल्याशा सर्व्होवरचं कंपनीचं लेबलसुद्धा
नखाने खरवडून टाकते.
"नाव कशाला उडवायचं?"

पहिल्या हिवाळ्यात मी हसलो होतो.
तिने माझा किल्ल्यांचा जुडगा मागितला,
तिच्या काट्यावर ठेवला.
काट्याने हात टेकले. आकडा नाहीच, नुसती आडवी रेघ.
मग विमान ठेवलं: सत्तेचाळीस ग्रॅम,
मोटर, बॅटरी, पंखा धरून.
अंड्याहून हलकं, आणि पंख
माझ्या खांद्यापासून बोटांपर्यंत.

ते उडतं म्हणणं तितकंसं खरं नाही.
ती बोटं सोडते आणि ते तिथे राहतं.
मग निघतं, माझ्याच चालीने,
एका कुशीवर होऊन, एक पंख छताकडे, एक फरशीकडे,
भिंतीलगत, काही वाचत जावं तसं.
कोपऱ्यात उलटं होतं. वळतं.
वळता वळता लोळत राहतं,
आणि मैदानाच्या मधोमध
नाक वर करून लटकतं,
वर दोरी नसताना.
हेल्वीचे अंगठे हलतात न हलतात.
ओठ मात्र हलतात.
मोजत असेल. मी विचारलं नाही कधी.

त्या गुरुवारी राइमो परत आला,
पाण्याची बाटली विसरलेला.
मागचं दार, जे थेट पार्किंगमध्ये उघडतं,
त्याने ढकललं. त्याची काय चूक.
थंडी फरशीलगत आत आली.
मला ती दिसली, खरंच, विमानात दिसली:
आधी शेपटी सरकली,
मग सगळंच तिरकं तिरकं
व्यायामाच्या शिडीकडे गेलं.
आवाज झाला नाही.
तेच वाईट वाटलं.

राइमो दारातच. बाटलीचं नावही काढेना.
हेल्वीने गुडघे टेकून तुकडे वेचले
(फरशी पुसलेली होती, एवढं माझं समाधान)
आणि त्याला हाक मारून
त्याच्या तळव्यावर ठेवले.
"धर. श्वास नाकाने घे. हळू."
ज्या पोराला वर्गात कुणी
पाच मिनिटं बसवू शकत नाही,
तो खांब झाला.

टेबलावर, दिव्याखाली, तीन सांधे.
काट्यावर सत्तेचाळीस पूर्णांक चार.
"परत तेवढंच नाही होणार?"
"नाही. जोडलेलं जडच होतं.
आता वळण जरा आधी घ्यायचं, बस."
आणि तिने अंगठ्याने हवेत वळण घेऊन दाखवलं,
त्याने घेतलं,
तिने मान हलवली, पुन्हा घ्यायला लावलं.

मी पंखे सुरू करायला गेलो.
जुडग्यात तळघराची एक किल्ली आहे,
जिचं कुलूप दार बदललं तेव्हाच गेलं.
ती काढली आणि खिडकीत ठेवून दिली, सहज.
घरी जाताना
खिसा तेवढाच वाटला.