उलट्या आट्याचं पेडल

सायकल अकरा किलो आठशे ग्रॅम.
जुई चोवीस किलो, तीही बूट घालून.
म्हणजे माझ्या अंगाच्या मानानं
मी पस्तीस किलोचं धूड घेऊन
वॉकलीचा चढ चढायचा.
ती पोस्टाच्या पेटीपाशी उतरते
आणि म्हणते, मला नाही येत.
वर्षभर मी म्हणत होतो, जोर लाव.

बिलाच्या पाठीवर लिहिलं: चाळीस पौंड.
वर एक पेनीही नाही.
रुपयांत किती होतात ते आता मी बघत नाही
असं सगळ्यांना सांगतो.

पुढचा फोर्क, सस्पेन्शनचा म्हणे.
अख्खा त्याच्यावर रेललो तरी ढिम्म,
जेवणाच्या सुट्टीतल्या कारकुनासारखा.
काढला, आणि बेसन मोजायच्या काट्यावर ठेवला.
दोन किलो एकशे चाळीस.
मृणालनं आधी काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे,
आणि परात उचलून आत गेली.

हिल्सबरोच्या एका माणसाकडे साधा फोर्क मिळाला,
रंग उडालेला, बारा पौंड.
त्याच्या गॅरेजात खुंट्यांवर तीन सायकली,
लहान, मधली, मोठी.
मुलगा आता लीड्सला असतो, म्हणाला.
बाकी दोन विकायच्या आहेत का, ते मी विचारलं नाही.

पुढच्या तीन चक्रांतली दोन उतरवली.
त्यांचा डिरेलर गेला, केबल गेली,
मनगट पिळून फिरवायची ती मूठ गेली.
काढून टाकायला पैसे पडत नाहीत,
हे मला फार उशिरा कळलं,
आणि मग आवरेना.
रिफ्लेक्टर. स्टँड. चेनवरचं झाकण.
बेडकाच्या तोंडाची घंटा, त्र्याण्णव ग्रॅम.

अडलं डाव्या पेडलपाशी.
आखूड क्रँक चौदा पौंडांना आणून ठेवलेले
आणि जुन्यातून पेडल सुटेना.
तेल घातलं, उकळतं पाणी घातलं,
पान्याला पाइप लावून लोंबकळलो.
शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये
ब्रायन हॅटर्स्लीनं चष्मा कपाळावर सरकवला:
डावीकडचे आटे उलटे असतात, लव्ह.
(इथे बाप्येही बाप्यांना लव्ह म्हणतात.
अकरा वर्षं झाली, मी अजून दचकतो.)
म्हणजे दोन दिवस मी ते
जीव खाऊन घट्ट करत होतो.

त्यानं ब्रेकच्या केबलचे तीन पौंड घेतले
आणि लिव्हरच्या कुशीतला एक स्क्रू दाखवला,
तांदळाच्या दाण्याएवढा.
चार वेढे आत फिरवला तशी लिव्हर
मुठीच्या जवळ सरकली.
जुईनं बोटं लावली. पोचली.
फुकटचा स्क्रू, पहिल्या दिवसापासून तिथेच.
मी काहीच बोललो नाही.
ब्रायन उगाच चिंधीनं हात पुसत राहिला.

टायर नऊ पौंडांचे, जोडीनं, वापरलेले.
एकूण अडतीस.
सायकल आता आठ किलो सातशे.
मी तिला एका बोटावर उचलून दाखवली,
मृणालला, शेजारच्या पमेलाला, पुन्हा मृणालला.

रविवारी सकाळी जुई खाली आली,
डबा शोधला, बेडूक शोधला,
आणि माझ्याच पान्यानं
हँडलवर परत बसवला. वाकडा.
त्र्याण्णव ग्रॅम, मी म्हटलं.
ती म्हणाली, बाबा, तो बघत असतो.
खिशात रिव्हलिनच्या तळ्याकाठचा दगडही होता,
तो मी मोजला नाही.

पोस्टाची पेटी मागे पडली.
मी पान्यासकट धावतोय,
दम माझाच लागलाय,
आणि वळणाआड, दिसेनाशी झाल्यावर,
ट्रिंग नाही, बेडकाचं ते बसकं
टर्र, टर्र.

रात्री सीट पुसताना पाहिलं:
नळीवर एक रेघ असते,
याच्यावर काढू नका अशी.
दीड बोट उरलंय.