एक नाव कमी

हर्णैच्या लिलावाहून येताना
बर्फाच्या रिकाम्या टबात
बांगड्यांऐवजी पिल्लू आणलंस.
मला सातवा, वास नको कसलाच,
आणि हे शेपटीपर्यंत सुकट.

रात्रभर पडवीत कुंईकुंई.
तू दटावायला गेलास तो तिथेच झोपलास,
फडक्यात गुंडाळलेलं गजराचं घड्याळ
दोघांच्या मध्ये.
आईच्या छातीसारखं वाजतं, म्हणालास.

फ्रिजवर नावांची यादी,
मुलग्यांची सात, मुलींची अकरा.
सकाळी वहिनीने शिवलेलं दुपटं ओढत
ते माडांखालून सुसाट,
आणि माझ्या तोंडून गेलं,
"कैवल्य, सोड ते!"
थांबलं. वळलं. शेपटी हलवली.

तू न बोलता पेन्सिल उचललीस.

माझ्या पोटात कुणीतरी कूस बदलली,
"सुटलो" म्हणालं की "सुटले",
नीट ऐकू आलं नाही.